रत्ना पुन्हा बोलू लागली तो हिवाळा

यंदा साखर कारखान्याचा बॉयलर जरा लवकरच पेटला. त्यासाठी पेपर वाचावा लागला नाही. सकाळी अंगणात ब्रश करत उभा होतो, तेवढ्यात वाऱ्याबरोबर मळीचा तो गोडूस, आंबूस, कुजकट वास आला आणि मी चूळ भरायची विसरून तसाच उभा राहिलो. माधवनगरात हा वास काही नवा नाही. दिवाळी सरता सरता येतो, होळी होऊन गेली तरी रेंगाळतो. वाळत घातलेल्या कपड्यांना लागतो, उशीच्या अभ्र्यात शिरतो. लोक दोन दिवस नाक मुरडतात, मग त्यांना तो यायचा बंद होतो. मला बंद होत नाही. हा वास आला की माझी कंबर आधी दुखायला लागते. कुणीतरी पुन्हा तेच सगळं पहिल्यापासून करायला सांगणार आहे, असं अंगालाच वाटतं. डोक्याला कळतं की तसं काही नाही. अंगाला कोण समजावणार?

मी खिडकी लावून घेतली. रत्नानं आतून हातानंच खूण केली, उघड. तिला त्या वासाचं काही वाटत नाही. तिला त्या हिवाळ्यातलं फारसं आठवतच नाही. आठवायचं काम माझ्याकडं राहिलं.

रत्ना म्हणजे माझी बायको, रत्नमाला. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण होती. मी कोयनानगरला, धरणाच्या पायथ्याच्या वीजघरात ऑपरेटर. आमचा सगळा संसार त्या कॉलनीत झाला. कौलारू क्वार्टर, मागं डोंगर, पावसाळ्यात भिंतींना बुरशी आणि अधूनमधून पायाखालची जमीन हलायची. तिकडच्या माणसाला धक्क्याचं फार कौतुक नसतं. फडताळातली भांडी किणकिणली की बाहेर यायचं, थांबली की आत जाऊन भाजी ढवळायची. पण शाळेत पोरं असायची आणि पोरं घाबरायची. अशा वेळी रत्ना वर्गाच्या दारात उभी राहून एकदाच म्हणायची, “बाहेर.” ओरडायची नाही. पण तो शब्द असा काही सुटायचा की शेवटच्या रांगेतलं झोपलेलं पोरही उठून ओळीत लागायचं. तिचा आवाज हीच तिची सगळी मिळकत होती. दिसायला बारीक, उंचीनं माझ्या खांद्याला लागेल एवढी. पण घाटातल्या वस्तीवर ती शाळेत कविता शिकवायला लागली की खाली नदीवर धुणं धुणाऱ्या बायका मान वर करायच्या. हे मला त्या बायकांनीच सांगितलं होतं.

दोघंही निवृत्त झालो आणि माधवनगरात लहानसं घर घेतलं. मिरज जवळ, दवाखाने जवळ, असं आम्ही म्हातारपणाचं गणित मांडलं होतं. ते गणित इतक्या लवकर कामाला येईल असं वाटलं नव्हतं. गळीत हंगाम नुकताच सुरू झाला होता. एके सकाळी ती आरशापुढं केस विंचरत होती आणि फणी हातातून पडली. मी म्हटलं, “पडली बघ.” ती खाली बघत राहिली. फणी दिसत होती, पण हात तिकडं जात नव्हता. मग माझ्याकडं वळली तेव्हा तोंडाची एक बाजू खाली ओघळली होती. ती काहीतरी म्हणाली. तो शब्द नव्हता. नुसता आवाज होता, आणि तो तिचा नव्हता.

मिरजेच्या दवाखान्यातले दिवस मला सलग आठवत नाहीत. पांढऱ्या फरशा आठवतात, कँटीनचा पाणचट चहा आठवतो. डॉक्टर चांगले होते. जीव वाचला, असं म्हणाले. उजवा हात आणि पाय हळूहळू सुधारतील, बोलण्याचं मात्र आत्ताच सांगता येत नाही. पहिले काही महिने महत्त्वाचे, जेवढं करून घ्याल तेवढं होईल. हे वाक्य त्यांनी सहज सांगितलं असेल. मी ते डोक्यावर पाटी घेतल्यासारखं घरी घेऊन आलो.

घरी आल्यावर रत्नाला एकच शब्द येत होता, तो म्हणजे खडू.

पाणी हवं असलं तरी खडू. पाय दुखला तरी खडू. मुलगी प्रज्ञा पुण्याहून आली, आईच्या गळ्यात पडून रडली, तेव्हा रत्ना डाव्या हातानं तिच्या पाठीवर थोपटत म्हणत होती, “खडू, खडू.” तिला वाटायचं ती नीट बोलतेय. आम्हाला कळत नाही हे बघून ती चिडायची, तोच शब्द मोठ्यानं म्हणायची, मग आपल्याच कानावर तो पडल्यावर चरकून गप्प व्हायची. ते चरकणं बघवत नसे. एवढ्या वर्षांत हजारो शब्द जिच्या तोंडून पोरांच्या तोंडात गेले, तिच्याकडं शेवटी तोच एक शिल्लक राहिला होता.

त्या दिवसांत माझ्या मोबाईलवर रोज सकाळी सूर्य उगवायचा. सूर्य, गुलाब, हात जोडलेली बाहुली, आणि खाली लिहिलेलं: सकारात्मक राहा, मन प्रसन्न ठेवा, विचार बदला जीवन बदलेल. जुने सहकारी, नातेवाईक, सगळे मनापासून पाठवत होते. त्यांचा राग नव्हता. पण मी तेव्हा रत्नाची अंगाखालची चादर बदलत असायचो, एका हातानं तिला कुशीवर धरून दुसऱ्या हातानं चादर ओढत, आणि खिशात तो फोन गुलाब वाजवत असायचा. सकारात्मक म्हणजे नेमकं काय करायचं हे कुणी लिहीत नसे. हसायचं? कुणाकडं बघून?

मी कामं शिकत होतो. केस विंचरून वेणी घालायला शिकलो. व्हॉल्व्ह फिरवलेल्या माझ्या बोटांना तीन पेडांचं कोडं काही केल्या सुटायचं नाही, वेणी दर वेळी एका बाजूला पळायची. साडी जमेना म्हणून गाऊन आणले. भाकरी थापायला गेलो तर ती परातीतच तुटायची. शेजारच्या शांताक्का भिंतीवरून हे सगळं बघत असत. त्यांचे मालक इथल्याच कापडगिरणीत कामाला होते. गिरणी बंद पडली, पुढं मालकही गेले, आणि अक्का एकट्या त्या दोन खोल्यांत राहत होत्या. त्यांनी सल्ला कधी दिला नाही. दुपारी भिंतीवर एक ताटली यायची, वर फडकं, खाली गरम भाकरी.

“आवं भाऊ,” त्या एकदा म्हणाल्या, “रडायचं आसंल तर रडा की. म्या कुटं न्हाई म्हनती? पन आदी खावा. उपाशी पोटी रडलं की डोस्कं उठतंय.”

मी रडत नव्हतो. पण खाल्लं.

आठवड्यातून दोनदा तबस्सुम मॅडम यायच्या. मिरजेहून स्कूटीवर, पाठीवर पिशवी. बोलणं गेलेल्या माणसांना बोलायला शिकवणं हे त्यांचं काम. वयानं आमच्या प्रज्ञाएवढ्या. त्यांनी पिशवीतून चित्रांची कार्डं काढली: गाय, कप, घर, फूल. गायीचं कार्ड रत्नापुढं धरून म्हणाल्या, “हे काय आहे, आई?”

रत्नानं कार्डाकडं बघितलं. मग मॅडमकडं, मग माझ्याकडं. असली कार्डं तिनं स्वतः पुठ्ठे कापून, रंगवून केली होती, वर्षानुवर्षं, पहिलीच्या पोरांसाठी. आता कुणीतरी तिच्यापुढं गाय धरली होती आणि तिला गाय म्हणता येत नव्हतं. तिनं डाव्या हातानं कार्ड घेतलं आणि जमिनीवर टाकलं. मग दुसरं. मॅडम शांतपणे उचलत राहिल्या. पुढच्या खेपेला त्या आल्या तेव्हा रत्ना भिंतीकडं तोंड करून झोपली. त्याच्या पुढच्या खेपेलाही. जेवणही निम्म्यावर आलं. हाताचा व्यायाम करायला गेलं की मूठ आवळून धरायची.

“त्यांना कळतंय सगळं,” मॅडम मला फाटकापाशी म्हणाल्या. “म्हणूनच अवघड आहे. त्यांनी मनावर घ्यायला हवं, काका. नाहीतर हे दिवस असेच जातील.”

हे दिवस. मी तर ते दिवस रोज जाताना बघत होतो. उसाचे ट्रॅक्टर कारखान्याकडं जात, त्यांची गाणी जवळ येत आणि लांब जात, संध्याकाळी धुरानं आभाळ काळपट होई, आणि आणखी एक दिवस कमी झालेला असे.

अशात संपत आला. रत्नाचा धाकटा भाऊ. फौजेतून हवालदार होऊन निवृत्त झालेला, विट्याकडच्या गावी राहतो. पत्र्याची ट्रंक घेऊनच आला, म्हणजे मुक्कामाला. दारातूनच त्यानं मला सॅल्यूट ठोकला.

“दाजी, आता चिंता करायची न्हाई. मी आलोय. मोराल डाऊन झालं की अर्धी लढाई गेली बघा. आपुन ताईला एकदम फिट करून टाकायची.”

दुसऱ्या दिवशी सकाळी घराचा कँप झाला. संपतनं भिंतीवर कागद चिकटवले: हिंमत, जोश, आगे बढो. रत्नाला खुर्चीत बसवून स्वतः समोर उभा राहून हात वर, हात खाली. “ताई, लेफ्ट! शाब्बास! आता राईट! राईट, ताई! मारा जोर!” राईट हलत नव्हता. संपतचा आवाज मात्र गल्लीच्या टोकापर्यंत जात होता. शांताक्का भिंतीवर हनुवटी टेकून बघत होत्या. चौथ्या की पाचव्या दिवशी रत्नानं शेजारची स्टीलची वाटी उचलली आणि त्याच्या छातीवर नेम धरून मारली. “खडू!” ती म्हणाली. तो खडू काय होता ते सगळ्यांना कळलं.

संपत हसला. “बगा दाजी, लेफ्ट हँडचा नेम काय हाय!” म्हणत वाटी उचलून मोरीकडं गेला. बराच वेळ परत आला नाही म्हणून मी मागं गेलो. तो धुण्याच्या दगडावर बसला होता. मिशा दातात धरून, आवाज न करता रडत होता. मला बघून उठला नाही.

“मला हिनंच शिकीवलं ओ दाजी,” तो म्हणाला. “घरात कुनालाच अक्षर येत न्हवतं. ही शाळंतनं यायची आन् चुलीम्होरं राखंत बोटानं काढून दावायची. पयला माझा स काढला. स, संपतचा. आन् आता मी तिला हात वर कर, हात खाली कर म्हनतोय. काय माणूस मी!”

मी त्याच्याशेजारी बसलो. दोन म्हातारे मोरीजवळ बसून राहिलो. त्याच्याजवळचा जोश संपला होता, माझ्याजवळ कधी नव्हताच. पण मला त्या दिवशी थोडं हलकं वाटलं, हे खरं. घरात थकलेला मी एकटा नव्हतो. संध्याकाळी त्यानं स्वतःच भिंतीवरचे कागद काढले. हिंमत तेवढा राहिला, कारण त्याचा गोंद सुटेना.

त्या आठवड्यात पौर्णिमा आली. पूर्वी घरात दर पौर्णिमेला वंदना व्हायची. रत्ना म्हणायची, आम्ही मागून. ती आजारी पडल्यापासून बुद्धमूर्तीपुढं मी मेणबत्ती लावायचो आणि तसाच उठायचो. संपत म्हणाला, “दाजी, म्हनूया की. ताईच्या कानावर तरी पडंल.” रत्नाची खुर्ची आम्ही जवळ ओढली. आम्ही दोघं बेसूर, पहिल्याच ओळीला एकमेकांच्या पायात पाय घालणारे. दुसऱ्या ओळीला मला तिसरा आवाज ऐकू आला.

मी डोळे उघडले नाहीत. उघडले तर थांबेल असं वाटलं. तो आवाज खरखरीत होता, बरेच दिवस न उघडलेल्या दारासारखा, पण शब्द होते. स्वच्छ, पाली, एकामागून एक. संपतचा आवाज मधेच गेला. माझाही गेला. रत्ना एकटीच पुढं म्हणत राहिली, शेवटपर्यंत, एकही अक्षर न गाळता.

आम्ही वेडे झालो. संपतनं फाटक न उघडता भिंतीवरूनच अक्कांना हाक मारली. मी रत्नापुढं गुडघ्यावर बसलो, विचारलं, “रत्ना, पाणी देऊ? पाणी म्हण.” तिनंही आनंदानं तोंड उघडलं. सगळे तिच्या तोंडाकडं बघत होतो.

“खडू,” ती म्हणाली.

ती रात्र वाईट गेली, एवढंच सांगतो.

तबस्सुम मॅडमना सांगितलं तेव्हा त्यांना नवल वाटलं नाही. त्या म्हणाल्या, पाठ असलेलं, रोज घोकलेलं, गाण्यात बसलेलं बोलणं डोक्यात वेगळ्या ठिकाणी असतं. तिथं धक्का कमी लागलाय. त्याचा आधार घेऊन बघू. “आईंना आणखी काय तोंडपाठ होतं?”

मला हसू आलं. मास्तरणीला काय तोंडपाठ असतं हे काय विचारायचं! मी रत्नाकडं तोंड करून, शाळेतल्या सुरात म्हटलं, “बे एके बे...”

रत्नानं डोळे बारीक केले. “बे दुणे चार,” ती म्हणाली. आणि सुटली. बेचा झाला, तीनचा झाला. डावा हात मांडीवर ठेका धरत होता. आठवड्याचे वार झाले. मराठी महिने झाले. बाराखडी झाली. हे सगळं तिच्या आत होतं, जसंच्या तसं. फक्त त्यातला एखादा सुटा शब्द उचलून हवा तेव्हा हवा तिथं ठेवता येत नव्हता.

मग दोघींनी एक युक्ती केली. मॅडमनी विचारायचं, आज वार कोणता? रत्नानं सोमवारपासून चालायला लागायचं, सोमवार, मंगळवार, बुधवार, आणि जिथं थांबायचं तिथं थांबायचं. थांबणं अवघड होतं. गाडी पुढं निघून जायची, रविवार गाठायची. पुन्हा सोमवारपासून. किती भाकरी? एक, दोन, थांब. पाणी हवं असलं की पच्या बाराखडीतला पा पकडायचा आणि त्याच्या शेपटीला णी लावायचा. एका पाण्यासाठी एवढी चढण. कधी णी येईपर्यंत तहान विसरायची. पण ती भिंतीकडं तोंड करून झोपायची थांबली. आता तिच्या हाताला काहीतरी लागलं होतं. शिकवायची पद्धत म्हणून तिला ते पटलं असावं. कार्डं तिला कमीपणाची वाटली, बाराखडी वाटली नाही.

इथून पुढं सगळं चढत गेलं असं मी लिहिलं असतं तर वाचायला बरं वाटलं असतं. तसं झालं नाही. आज आलेला शब्द उद्या यायचा नाही. परवा भलताच यायचा. चहाला भूकंप म्हणायची, मला एकदा हेडमास्तर म्हणाली. संपतच्या शेतात ऊसतोड आली आणि त्याला गावी परतावं लागलं. जाताना म्हणाला, “दाजी, लय भारी चाललंय. रोज थोडं थोडं.” ट्रंक खांद्यावर घेऊन गेला.

रोज थोडं थोडं. हेच तर कठीण होतं. एकदाच मोठं काही करायचं असतं तर मी केलं असतं. रोज सकाळी तेच: अंघोळ, वेणी, हाताचा व्यायाम, पायाचा, सोमवार मंगळवार, बाराखडी, गोळ्या, दुपार, पुन्हा सगळं. आणि हे सगळं हसऱ्या तोंडानं, कारण मॅडम म्हणाल्या होत्या, तुमचा चेहरा पडला की त्यांचा पडतो. माझा चेहरा मी सकाळी शर्टासारखा घालायचो. संध्याकाळी तो इतका जड व्हायचा की गालच दुखायचे.

प्रज्ञाचा रोज फोन यायचा. पोर तिथं नोकरी, लहान बाळ, सगळं सांभाळून कासावीस. “पप्पा, तुम्ही पॉझिटिव्ह राहा हं. तुम्ही खचलात तर आईचं कसं होणार?”

एकदा मी म्हणालो, “प्रज्ञा, मला कुणीतरी खचायची सुट्टी द्या गं. एक दिवसाची.”

ती म्हणाली, “मी शनिवारी येते.” आली. बाळाला घेऊन आली आणि मला म्हणाली, तुम्ही कुठं तरी जाऊन या. मी घराबाहेर पडलो, कुठं जायचं ते सुचेना, सांगलीत बाजारात हिंडलो, काकड्या घेतल्या आणि तासाभरात परत आलो. सुट्टी कशी घ्यायची हेही विसरलो होतो.

फाल्गुन लागला. ऊन कडक झालं. कारखान्याचा हंगाम उतरणीला लागला, रस्त्यावरचे ट्रॅक्टर विरळ झाले. डॉक्टरांनी सांगितलेले ते महत्त्वाचे महिने संपत आले होते आणि माझ्या डोक्यावरची पाटी जिथल्या तिथं होती. रत्ना काठी धरून, मी बगलेत हात दिला तर, खोलीभर चालायची. शब्द मूठभर. त्यातले निम्मे भरवशाचे नाहीत.

एका दुपारी अंगणात बादली ठेवायला म्हणून बाहेर आलो आणि पायरीवर बसलो. व्यायामाची वेळ झाली होती. आता उठू, म्हटलं. उठलो नाही. समोर शांताक्कांच्या भिंतीवर एक कावळा बसला होता, त्याच्याकडं बघत राहिलो. काही विचार करत होतो असंही नाही. दुःख असतं तर बरं झालं असतं, दुःखाला निदान हालचाल असते. माझ्यात काहीच हलत नव्हतं. आत जायचं, हसायचं, म्हणायचं, चला रत्नाबाई, सोमवार. एवढंच करायचं होतं. आणि ते मला या जन्मात पुन्हा जमणार नाही असं अगदी शांतपणे वाटत होतं.

मागं काठीचा आवाज आला. टक्. मग पाय घासल्याचा. पुन्हा टक्. मला कळलं की ती एकटी चालतेय, पडेल, उठून धरायला पाहिजे. मी मान वळवली एवढंच. ती दाराच्या चौकटीला खांदा लावून उभी होती. वेणी नेहमीसारखी एका बाजूला पळालेली. ती माझ्याकडं बघत होती. पोराच्या पाटीवर चूक कुठं झाली ते बघावं तशी, मन लावून. तिचे ओठ हलायला लागले. मला वाटलं, आता बाराखडी सुरू होणार. नाही झाली.

“द,” ती म्हणाली. थांबली. “दम...”

मी वाट बघत होतो. कावळा उडून गेला.

“दमलास,” ती म्हणाली. “तू. दमलास.”

लग्न झाल्यापासून तिनं मला अहो म्हटलं होतं. भांडणातही अहो, तापातही अहो. एकदा मोठ्या धक्क्यात रस्त्यावर बाहेर उभे होतो तेव्हाही, “अहो, अंगावर काही घ्या.” ती तू म्हणाली आणि मला एकदम कुणीतरी लहानपणीचं समोर उभं राहिल्यासारखं वाटलं. सगळे मला विचारत होते, ती कशी आहे. तिनं माझ्याकडं बघितलं होतं.

“हो,” मी म्हणालो. “दमलो गं.”

मग रडलो. चांगला मोठ्यानं रडलो. अक्कांच्या घरात भांड्यांचा आवाज थांबला, तरी थांबलो नाही. ती चौकट धरून खाली बसायला लागली. वाकडीतिकडी, अर्धी घसरत, शेवटी माझ्या शेजारी पायरीवर आदळलीच. डावा हात माझ्या गुडघ्यावर ठेवला. आम्ही त्या दिवशी व्यायाम केला नाही. बाराखडी नाही, वार नाही. ऊन पायरीवरून उतरून फाटकापर्यंत गेलं तोवर बसलो होतो. तिनं आणखी काही बोलायचा प्रयत्न केला नाही आणि मीही करायला लावला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून मी तिची वेणी घातली. का उठलो, ते मला अजून सांगता येत नाही. आदल्या दिवशी काही सुटलं नव्हतं. पण चेहरा घातला नाही, एवढा फरक केला. दमलेल्या तोंडानंच म्हणालो, “चल, सोमवार.” तिनं माझ्याकडं बघितलं आणि तीही कंटाळलेल्या तोंडानं म्हणाली, “मंगळवार.” त्यानंतर आमचं जरा बरं चाललं. दोन कंटाळलेली माणसं मिळून काम करतात तसं. तबस्सुम मॅडमना मी हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, “काका, मी पुन्हा कधी तुम्हाला हसायला सांगणार नाही.” आणि त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदाच आमच्याकडं चहा घेतला.

या गोष्टीला आता काही हंगाम झाले. रत्ना आज तीन-चार शब्दांचं वाक्य जोडते. पेपरातले मोठे मथळे वाचते. उजवा हात पोटाशीच असतो, तो काही उघडला नाही. कविता पुन्हा म्हटली नाही तिनं, आणि तो नदीपर्यंत जाणारा आवाज परत आला नाही. कुणी घरी आलं की ती ऐकत बसते, बोलणं वेगानं व्हायला लागलं की तिचा चेहरा मागं राहतो, मला ते दिसतं. अहो परत आलं नाही. ती सगळ्यांनाच अरे-तुरे करते, पोस्टमनला, डॉक्टरला, जावयालासुद्धा. मला कुणी विचारलं की सगळं छान झालं ना, तर मी हो म्हणतो, कारण नाही म्हणणंही खरं नाही. मी दमलेलाच असतो. आता वयानंही. उमेद म्हणतात ती मला कधी सकाळी उठल्यावर उशाशी सापडली नाही. कधी दुपारी अक्कांच्या भाकरीबरोबर आली, कधी आलीच नाही आणि तरी दिवस गेला. ती नसताना दिवस कसा काढायचा, एवढं मात्र त्या हिवाळ्यात मला येऊ लागलं.

परवा फाटकाशी कुणीतरी उभं होतं. मागच्या गल्लीतले गृहस्थ. तोंडओळखीचे, कधी बोलणं नव्हतं. नीट भांग पाडलेला, इस्त्रीचा शर्ट, आणि शर्टाची बटणं एकेक घर चुकलेली. त्यांच्या बायकोला दवाखान्यातून नुकतंच घरी आणलं होतं. तिच्याही अंगावरून वारं गेलेलं. मी त्यांना व्हरांड्यात बसवलं. ते खुर्चीच्या कडेवर टेकले.

“आत्ता भैन आलीया, तिला बायकोपाशी बसवून आलोय,” ते म्हणाले. “लोकं म्हनली, तुमच्यात बी झालं हुतं. म्हटलं इच्यारावं. तुमी कसं निभावलं? मन कसं घट्ट ठिवलं? मला रातच्याला काय सुदरंना झालंय.”

मी तोंड उघडलं. एवढं सगळं होतं सांगायला. बाराखडी, वार, वंदना, तबस्सुम मॅडमचा फोन नंबर, वाटी, पायरी. त्यातलं कुठलं या माणसाच्या आज कामाला येईल ते मला कळेना. ते माझ्या तोंडाकडं बघत होते, आणि मी ते ओळखलं. मीही असंच डॉक्टरांच्या तोंडाकडं बघायचो.

रत्ना आतून आली. काठी दाराला टेकवून उभी राहिली. त्यांच्याकडं बघितलं, शर्टाच्या बटणांकडं बघितलं. ते तिला बघून घाईनं उठायला लागले, हात जोडायला लागले.

“जेवलास?” रत्नानं विचारलं.

ते थांबले. हात तसेच छातीपाशी राहिले. खरं काय ते आठवत असावेत. मग त्यांनी मान हलवली, नाही म्हणून, आणि ती मान पुन्हा वर येईना.

मी आत जाऊन गॅस पेटवला.